मागच्या चाकाचे ठोके मोजा

मागच्या चाकातून आवाज यायला लागला की आपण गॅरेजमध्ये जाऊन सांगतो, ‘आवाज खूप मोठा येतोय.’ मेकॅनिकला त्यातून फारसं काही हाती लागत नाही. आवाज कशाबरोबर बदलतो हे सांगता आलं, तर अर्धं निदान तिथंच होतं. वेगाबरोबर चढतो? वळणावर? ब्रेक दाबल्यावर? की फक्त खड्ड्यात आदळल्यावर येतो?

आवाज नेमका कुठून येतो, याबाबतीत मात्र कानावर विसंबू नये. पोलादातून ध्वनी हवेच्या सुमारे पंधरा पट वेगाने जातो आणि गाडीचा पत्रा तो सगळीकडे पसरवतो. डिकीतला सुटा जॅकही चाकात वाजल्यासारखा वाटतो. म्हणून आधी डिकी रिकामी करा. आणि नुकतंच पंक्चर काढून चाक बसवलं असेल नि लगेच टकटक सुरू झाली असेल, तर गाडी तिथल्या तिथे थांबवून नट तपासा. बाकी सगळं नंतर.

गोव्यात पावसाळ्यात माझा पहिला संशय ब्रेकच्या ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल डब्यावर असतो. बहुतेक छोट्या गाड्यांना आणि स्कूटरना मागे ड्रम ब्रेकच असतात. ड्रमची घासणारी बाजू बिडाची, आणि दमट हवेत बिडाला रातोरात गंज चढतो. किनाऱ्यालगतच्या हवेतलं मीठ त्यात भर घालतं. ते ओलावा धरून ठेवतं, शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहत असल्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया वेग घेते. जुलैत कळंगुटला दोन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी खर्रर्र करते ती यामुळे. चार-पाचदा ब्रेक दाबला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तो थर घासून काढतात आणि आवाज जातो. गेला नाही, तर ड्रम उघडावा लागतो. आत डिचोली-साखळीकडची लाल माती तरी असते, नाहीतर लायनर संपून लोखंडावर लोखंड घासत असतं.

आता ठोके. टायरवर खडूने खूण करा, गाडी सपाट जागी ढकला आणि एका फेऱ्यात किती अंतर कापलं जातं ते मोजा. छोट्या कारच्या १४ इंची चाकाला ते साधारण १.९५ मीटर भरतं. म्हणजे ताशी ७ किलोमीटरने जाताना चाक सेकंदाला एक फेरा घेतं. या वेगात सेकंदाला एकच ‘टक’ येत असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या एकाच जागी आहे. टायरमध्ये रुतलेला खडा किंवा खिळा, टायरला आलेला फुगा, वाकडा झालेला ड्रम.

चाक ज्या गोळ्यांवर फिरतं ते बेअरिंग असं वागत नाही. गोळ्या ज्यावरून धावतात त्या कडीवर कुठे खड्डा पडला, तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका देते. गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा चाकाच्या साधारण निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून दहा गोळ्या असतील तर एका फेऱ्यात चार ते सहा ठोके पडतात. ताशी ६० ला चाक सेकंदाला साडेआठ फेरे घेतं, म्हणजे ठोके चौतीस ते पन्नास. सेकंदाला वीसच्या पुढे गेलेले ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा एक सूर होतो. बेअरिंग टकटकत नाही, घुमतं, ते यामुळे.

झिजलेला टायरही असाच घुमतो. पण रस्ता बदलला की त्याचा आवाज बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. बेअरिंगचा आवाज बदलतो तो वजनाबरोबर. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. चोर्ला घाटात डाव्या वळणांवर घुमणं वाढलं आणि उजव्यांवर उतरलं, तर बहुधा उजवं बेअरिंग.

खात्री जॅकवर होते. सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून मागचं चाक उचला, खाली टेकू द्या, मग हँडब्रेक सोडा. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर कुठेतरी ढिलेपणा आहे. मग एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. कानाला न ऐकू येणारी बारीक खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. ती लागली तर बेअरिंग बदलायचं. सीलबंद बेअरिंगला वरून ग्रीस लावून पडलेला खड्डा भरत नाही.