आदिवासी पाड्यांतील आंत्रकृमींचा संसर्ग (महाराष्ट्र)

माणसाच्या आतड्यात राहून त्याच्या अन्नावर किंवा रक्तावर जगणाऱ्या परजीवी कृमींना आंत्रकृमी म्हणतात, बोलीत जंत. जगातील सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात मातीतून पसरणारे जंत आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या ९.४ टक्के होती. पालघर-नाशिककडचे पाडे, रायगडातल्या कातकरवाड्या, मेळघाटातले कोरकूंचे ढाणे आणि गडचिरोलीतले माडिया-गोंडांचे टोले ही यातली बरीचशी वस्ती. पाऊस भरपूर, माती ओली, पाण्याची सोय लांब आणि कामधंदा सगळा जमिनीवरचा, असे या भागांचे चित्र आहे. जंतांना हेच मानवते. ‘आदिवासींच्या सवयीच तशा’ असे शहरात सर्रास ऐकू येते. ते चुकीचे आहे आणि अन्यायाचेही आहे. तीच माती, तेच अनवाणी पाय आणि तीच पाणीटंचाई कोणाच्याही वाट्याला आली, तर जंतही त्याच्या वाट्याला येतात.

मातीतून पसरणारे मुख्य जंत तीन. गोल जंत सर्वांना ठाऊक असतो, कारण तो डोळ्यांना दिसतो: १५ ते ३५ सेंमी. लांब, गांडुळासारखा, फिकट गुलाबी. त्याची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. शौचातून पडलेली अंडी मातीत २ ते ४ आठवड्यांत पक्व होतात आणि मग हाताच्या बोटांवरून, न धुतलेल्या भाजीवरून किंवा रांगत्या मुलाच्या मुठीतून तोंडात जातात. आतड्यात फुटलेल्या अळ्या रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात असा फेरा करतात. त्या फुप्फुसात असताना मुलाला कोरडा खोकला व धाप लागते आणि औषध मात्र सर्दीचे दिले जाते. चाबूककृमी ३ ते ५ सेंमी.चा असतो. तो मोठ्या आतड्यात डोके रुतवून बसतो आणि फार झाला तर आव व रक्त पडते. मलेशियातील ओरांग अस्ली या आदिवासी समाजात त्याचाच सुळसुळाट आढळतो.

तिसरा अंकुशकृमी. तो सर्वांत लहान आणि प्रौढांचे सर्वाधिक नुकसान करणारा. जेमतेम १ सेंमी. लांब, दोऱ्याच्या तुकड्यासारखा. पण तोंडाने आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पितो. नेकेटर अमेरिकानस आणि अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल या त्याच्या दोन जाती. नेकेटरचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलि. रक्त घालवतो, अँकिलोस्टोमाचा त्याच्या कितीतरी पट. आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशोब मांडून पाहावा. एखाद्या बाईच्या पोटात ४० नेकेटर असतील, तर रोज १.२ मिलि. आणि महिन्याला ३६ मिलि. रक्त जाते. सर्वसाधारण मासिक पाळीत जाते जवळजवळ तेवढेच. म्हणजे या बाईला दर महिन्याला एक पाळी जास्तीची येते, फक्त ती कोणाला दिसत नाही. जेवणात नाचणीची भाकरी, आमटी आणि रानभाजी. त्यातून मिळणाऱ्या लोहाने हा खड्डा भरून निघत नाही. पांढरे पडलेले डोळे, चढ चढताना लागणारा दम आणि ‘अंगात ताकदच नाही’ ही तक्रार याच हिशोबातून येते. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट या पट्ट्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. आधीच रक्त कमी असलेल्या माणसावर जंतांचा हा दुसरा भार पडतो.

अंकुशकृमी केवळ तोंडावाटेच नव्हे, तर कातडीतूनही शिरतो, हे कळले ते अपघाताने. १८९८ मध्ये कैरो येथे जर्मन शास्त्रज्ञ आर्थर लूस प्रयोग करत असताना अळ्यांचे पाणी त्यांच्या हातावर सांडले. हाताला खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी सापडली. मातीत पडलेले अंडे एक-दोन दिवसांत फुटते आणि ५ ते १० दिवसांत अळी शिरण्याजोगी होते. ती मातीच्या वरच्या थरात किंवा गवताच्या पात्यावर उभी राहून वाट पाहते. पाऊल पडले की बोटांच्या बेचक्यातून आत जाते. तिथे उठणारी खाज पावसाळ्यात सहज ‘चिखल्या’ समजली जाते आणि वर तेल-हळद लावून माणूस पुन्हा कामाला लागतो.

जव्हार-मोखाड्याकडे जुलैत लावणी चालू असते. पोटरीभर पाण्याने भरलेले खाचर त्या मानाने बरे, कारण साचलेल्या पाण्यात या अळ्या तग धरत नाहीत. धोका असतो खाचराकडे जाणाऱ्या पायवाटेवर, बांधावर आणि करवंदीच्या जाळीमागे. सकाळी परसाकडे जायला आडोसा हवा असतो. तो आडोसा रोज तोच, त्याची सावली तीच आणि तिथली ओली भुसभुशीत मातीही तीच. सावली, ओल, ऊब आणि मोकळी माती या अळीच्या चारही गरजा त्या जाळीखाली भागतात. पायात चप्पल घालावी असा सल्ला दिला जातो, पण त्या चिखलात चप्पल दोन पावलांत रुतून बसते.

संडासांचे काय? राज्याचा ग्रामीण भाग एप्रिल २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला. अनेक पाड्यांवर संडास उभेही आहेत. पण ज्या बाईला एप्रिल-मेमध्ये टेकडी उतरून दोन हंडे पाणी आणावे लागते, ती त्यातली अर्धी बादली संडासात ओतणार नाही. मग तिथे सरपण रचले जाते. याला अडाणीपणा म्हणू नये. पाण्याचा हिशोब तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो. नळाचे पाणी पाड्यावर पोचल्याशिवाय संडासाच्या भिंती जंत रोखणार नाहीत. विहिरीत टाकलेल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरने जुलाबाचे बरेच जिवाणू मरतात, पण गोल जंताच्या अंड्याला तिचा काही उपद्रव होत नाही. जिआर्डिया आणि आमांशाचा अमीबा या एकपेशीय परजीवींच्या कवचबंद अवस्थाही नेहमीच्या मात्रेला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी उकळावेच लागते आणि त्यासाठी पुन्हा सरपण लागते.

जंतांबद्दल घराघरांत काही समज पक्के आहेत. गोड खाल्ले की जंत होतात, मूल झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत आहेत, असे आजी सांगतेच. हे दोन्ही खरे नाही. मूल माती किंवा भिंतीचा पोपडा खाते याकडे मात्र लक्ष द्यावे. लोह कमी पडले की माती खावीशी वाटते, मातीबरोबर अंडी पोटात जातात आणि जंतांमुळे लोह आणखी घटते. वावडिंग आणि पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, ही जंतांवरची जुनी औषधे. चरकसंहितेत कृमींचे २० प्रकार आणि उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत: कृमी बाहेर काढणे (अपकर्षण), त्यांना प्रतिकूल स्थिती निर्माण करणे (प्रकृतिविघात) आणि मूळ कारण टाळणे (निदानपरिवर्जन). आजच्या कार्यक्रमांचा सगळा भर पहिल्या अंगावर आहे.

निदान शौच तपासून होते. सर्वेक्षणात काटो-काट्झ पद्धत वापरतात: ठरावीक मापाचे शौच काचपट्टीवर पसरून, ग्लिसरीनने पारदर्शक करून अंडी मोजायची. अंकुशकृमीचे अंडे ग्लिसरीनमध्ये तासाभरात दिसेनासे होते. दुर्गम पाड्यावरून डबी प्रयोगशाळेत पोचायला दुसरा दिवस उजाडला, तर उकाड्यात अंडी वाटेतच फुटलेली असतात. त्यामुळे जिथे जंत सर्वाधिक, तिथूनच आकडा कमी येण्याचा धोका असतो.

औषध स्वस्त आणि चांगले आहे. अल्बेंडाझोल जंताला ग्लुकोज शोषू देत नाही आणि त्याची उपासमार करते. ४०० मिग्रॅ.च्या एका गोळीने गोल जंत बहुधा जातो, अंकुशकृमी पुष्कळ कमी होतो, चाबूककृमी मात्र बऱ्याचदा टिकून राहतो. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ मध्ये सुरू झाला. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या ठरलेल्या तारखांच्या सुमारास अंगणवाडी, शाळा व आश्रमशाळांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी देतात. २ वर्षांखालील बाळाला अर्धी. लहान मुलांना ती चुरडूनच द्यावी, नाहीतर घशात अडकते. गोळीनंतर कधी मळमळते, कधी जंत पडतो. तो पाहून घाबरलेली आई पुढच्या वेळी मूल लपवते. आशाताईने आदल्या दिवशी घरी जाऊन ‘जंत पडला तर समजा, गोळी लागू पडली’ एवढे सांगितले तरी हे टळते.

पण फेब्रुवारीत पाड्यावर असते कोण? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात, सातपुड्यातली माणसे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला. मुले बरोबर असतात. भट्टीवर ना अंगणवाडी, ना संडास. ती परततात मृग नक्षत्राच्या तोंडावर, म्हणजे मातीतल्या अळ्यांचा हंगाम सुरू होताना. गोळीची एक फेरी जूनच्या पहिल्या पावसापूर्वी, भरारी पथक (फिरते वैद्यकीय पथक) आणि पाडा स्वयंसेवकांमार्फत घरोघर दिली, तर तिचा उपयोग कितीतरी अधिक होईल, असे या नोंदकाराचे ठाम मत आहे.

दुसरी फट वयाची. गोल जंत व चाबूककृमी शाळकरी मुलांत सर्वाधिक असतात, अंकुशकृमी मात्र वयाबरोबर वाढत जातो. त्याचे ओझे लावणी करणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या प्रौढांच्या पोटात असते आणि शाळेतली गोळी त्यांच्यापर्यंत जात नाही. गरोदर स्त्रियांना २०१८ पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत दुसऱ्या तिमाहीत गोळी मिळते. त्यांच्या नवऱ्याला व सासूला मिळत नाही. वर्षभरात पुन्हा लागण होते ती याच उरलेल्या जंतांच्या अंड्यांतून. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने जव्वादू डोंगरातील आदिवासी गावांसह काही भागांत सर्व वयाच्या लोकांना वर्षातून दोनदा गोळी देण्याचा प्रयोग केला, तो याच कारणासाठी. गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाबरोबर अल्बेंडाझोल दिले जाते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे वगळता ते सर्वांसाठी असते. त्या मोहिमेची गोळी घरी ठेवून न घेता कर्मचाऱ्यासमोरच गिळली, तर मोठ्या माणसांच्या अंकुशकृमीवरही तिचा इलाज होतो.