थर्मल स्कोपमधील लक्ष्य व पृष्ठभागाची उत्सर्जकता

थर्मल स्कोप म्हणजे बंदुकीवर बसवायची, उष्णतेवरून चित्र दाखवणारी दुर्बीण. तिच्यातले चित्र वस्तूकडून येणाऱ्या अवरक्त किरणांवरून, सहसा ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात, तयार होते. ही किरणे किती बाहेर पडतील हे तापमानाबरोबरच पृष्ठभागावरही ठरते. पृष्ठभागाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. आदर्श कृष्ण वस्तूची, म्हणजे अंगावर पडणारी सर्व किरणे शोषणाऱ्या कल्पित वस्तूची, उत्सर्जकता १ मानतात. माणसाच्या त्वचेची सुमारे ०.९८, पाण्याची ०.९६, तर चकचकीत ॲल्युमिनियमची जेमतेम ०.०५ भरते.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये गरम पाण्याने भरलेल्या धातूच्या घनाकृती डब्यावर हा फरक दाखवला: काळी बाजू भरपूर उष्णता फेकत होती, घासूनपुसून लख्ख केलेली फारच थोडी. आजही धातूच्या गरम भांड्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून थर्मल कॅमेऱ्यातून पाहावे. टेप झळाळतो, भोवतालचा धातू मात्र गार भासतो आणि त्यात पाहणाऱ्याच्याच चेहऱ्याची धूसर छाया उमटते. अपारदर्शक वस्तू जितके कमी उत्सर्जन करते तितके अधिक परावर्तन करते, हे त्यामागचे कारण. म्हणूनच उन्हात हात पोळेल इतकी तापलेली, पण आकाशाकडे कललेली चकचकीत पत्र्याची पाटी स्कोपमध्ये काळीकुट्ट दिसू शकते. तिच्यात निरभ्र, अतिथंड आकाशाचे प्रतिबिंब असते.

रंगाच्या बाबतीत डोळ्यांची सवय इथे हमखास फसवते. पांढरा आणि काळा, दोन्ही साध्या रंगांची उत्सर्जकता या पट्ट्यात ०.९ च्या आसपास असते. त्यामुळे कागदी लक्ष्यावरची छापील वर्तुळे सावलीत किंवा रात्री जवळजवळ नाहीशी होतात. स्कोप झीरो करताना, म्हणजे त्याचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवताना, पुठ्ठ्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन चिकटवतात तो याचसाठी. तो किंचित वर कललेला हवा, नाहीतर त्यात समोरची जमीनच परावर्तित होते आणि उठाव जातो.

काच या किरणांना अडवते, म्हणून स्कोपची भिंगे सहसा जर्मेनियमची असतात. पातळ पॉलिथिनमधून मात्र ही किरणे बरीचशी आरपार जातात.

जाड पोलाद सूर्यास्तानंतरही ऊब धरून ठेवते. पातळ फळी लवकर निवते. सकाळी व संध्याकाळी लक्ष्य आणि पार्श्वभूमी यांचे तापमान काही काळ सारखे होते, तेव्हा दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. पाऊसही हेच करतो: ओल्या पृष्ठभागांवर पाण्याचा एकच थर पसरतो, धातूची चकाकी झाकली जाते आणि चित्र सपाट होते.