मोल म्हणजे वजन नव्हे

सोलापुरात अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना एक समज दरवर्षी भेटतो: मोल हे वजनाचं माप. तसं नाही. मोल ही मोजदाद आहे, डझनासारखी. चाटी गल्लीतून डझनभर चादरी घ्या, डझनभर नॅपकिन घ्या. नग बाराच, पण चादरींचं गाठोडं उचलताना हात भरून येतात. 18 ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम चार चमचे, आणि 342 ग्रॅम साखर, दोन्हींत रेणू सारखेच: 6.022 × 10²³, म्हणजेच एक मोल. साखरेचा रेणूच 19 पट जड. मिठाशी मात्र जपून! 58.5 ग्रॅम मिठात सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) एक मोल, क्लोराइडचेही एक मोल. एकूण आयन दोन मोल. इथेच मुलांचे हमखास मार्क जातात. आणि हो, 6.022 × 10²³ या आकड्याला ‘ॲव्होगॅड्रो संख्या’ म्हणतात, पण तो इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोंनी मोजलेला नाही. त्यांच्या सन्मानार्थ हे नाव 1909 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँ यांनी दिलं.