घाम वाळला पाहिजे : ऑक्टोबरात मुंबईला जाताना

दसरा चौकात सोनं लुटून झालं की कोल्हापुरात सुट्टीचे बेत सुरू होतात आणि महालक्ष्मी एक्सप्रेसची तिकिटं निघतात. बॅग भरण्याआधी सगळे मोबाइलवर मुंबईचं तापमान बघतात. इथल्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त, एवढंच ना, असं म्हणून रोजचे कपडे भरतात. एका वर्षी मीही दोन जीन्स घेऊन गोरेगावला आत्याकडे गेलो. पहिल्याच दिवशी एक घामानं भिजली, ती धुऊन गॅलरीत टाकली. तिसऱ्या दिवशी खिशांच्या अस्तराला हात लावला तर अजून गार, आणि कमरेच्या पट्टीला कुबट वास. आत्या म्हणाली, "अरे बाळा, हितं जाड कपडा आणू नये. तू परत जाईस्तोवर ही वाळत नाही बघ."

तेव्हापासून बॅग भरताना मी तापमान दुसऱ्या नंबरावर ठेवतो. पहिला प्रश्न असतो तो घाम वाळणार का, हा.

उन्हाळ्यात आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा ३३ अंशांवर गेली की अंगातली उष्णता नुसत्या वाऱ्यानं फारशी बाहेर पडत नाही. मग शरीराजवळ एकच मोठा उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून निघून जाते. जवळपास तेवढ्याच उष्णतेत सात लिटर साध्या पाण्याला उकळी फुटेल! पण यात एक अट आहे : घामाची वाफ अंगावरच व्हायला हवी. कपाळावरून टपकलेल्या किंवा रुमालानं टिपलेल्या घामानं अंग थंड होत नाही. त्यातलं पाणी आणि मीठ मात्र गेलेलंच असतं.

हे घरी करून बघता येतं. भिंतीवरचे दोन साधे थर्मामीटर घ्या, एकाच्या फुग्याला मलमलीची ओली चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्याखाली ठेवा. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओला थर्मामीटर २०-२१ अंशांपर्यंत उतरतो. तापमान तेवढंच आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर तो २८ च्या आसपासच अडतो. वाळून वाळून किती थंड होता येईल याची ही तळाची मर्यादा. ऑक्टोबरात मुंबईत ती वर सरकते. पाऊस परततो (मुंबईतून परतीची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरतात), ढग हटतात, ऊन थेट पडतं, पण जमिनीत ओल असते आणि शेजारी समुद्र. सकाळी वारा जमिनीकडून वाहतो आणि समुद्राचा वारा यायला उशीर होतो, तेव्हा दुपार फार जड जाते.

म्हणून कपडा निवडताना "सुती की सिंथेटिक" एवढ्यावर थांबू नये. सुती धागा साधारण दमट हवेतही स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा मुरवून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे सुती अंगाला बरं वाटतं, पण जाड सुती एकदा भिजलं की पाणी सोडत नाही. जीन्सचं कापड चौरस मीटरला सहज ४०० ग्रॅम भरतं, कॅम्ब्रिक हे पातळ सुती कापड १०० च्या आसपास. आपल्याला कापड पारखायला कुठं लांब जायला नको, इचलकरंजीचे माग आणि गांधीनगरची पेठ जवळच आहे. दुकानात कापड उजेडाकडे धरा. विणीतून उजेड झिरपला तर वाराही जाईल. शर्ट किंवा कुर्ता सैल घ्या, म्हणजे कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळती राहते. पॉलिएस्टरचा एखादा खेळाचा टी-शर्टही ठेवावा, रात्री धुतला की सकाळी तयार. फक्त तो दोन दिवस सलग घालू नका, त्यात दुर्गंधी करणारे जिवाणू सुतीपेक्षा जास्त माजतात. टर्किश टॉवेलऐवजी पंचा न्या. आतले कपडे मात्र रोजच्या दुप्पट. जांघेतला नायटा ओलसर कपड्यातच फोफावतो, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर तो आणखी चिघळतो.

पायात काय? कोल्हापुरी चप्पल प्रवासात घाला, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत ठेवू नका. हिरडा-बाभळीनं कमावलेलं ते कातडं ओलावा पितं, आणि बंद दमट जागेत चार दिवसांत त्यावर पांढरी बुरशी धरते. वर्तमानपत्रात गुंडाळली तर कागद ओल खेचतो.

आत्याला गूळ न्यायचाच, त्याशिवाय कोल्हापूरचा माणूस निघत नाही. गुळात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी फार ओढतं. म्हणून इथं कडक असलेल्या ढेपेला तिथं पाणी सुटतं. घट्ट झाकणाचा डबा, आत ढेप, वर जागा उरू नये. सिलिका जेलच्या पुड्यांचंही तसंच आहे : बंद डब्यात कॅमेरा किंवा औषधं असतील तर त्या कामाच्या, उघड्या बॅगेत टाकल्या तर हवेतलंच पाणी पिऊन गप्प बसतात.

एसी डब्यातून सकाळी फलाटावर उतरताच चष्मा धुरकट होतो, तोही याच ओलाव्यामुळे. काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा, थंड असते. एक-दोन मिनिटं थांबा. कॅमेरा मात्र पिशवीतच ऊबदार होऊ द्या, मग काढा.

ओआरएसची चार पाकिटं ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, ते पेलाभर पाण्यात ओतू नका. त्यातली साखर चवीपुरती नाही. लहान आतड्यात ग्लुकोज सोडियमला बरोबर घेऊन आत जातं आणि पाणी त्यांच्यामागे. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नव्या उकाड्याला शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर पहिल्या दोन दुपारी घरीच काढा आणि राणीचा बाग सकाळी उरका.

परतताना ओले कपडे वेगळ्या कापडी पिशवीत घ्या. घरी आलात की आधी ती पिशवी गच्चीवर मोकळी करा, चहा नंतर.