फेर धरल्यावर हाताला किती ओढ बसते?

फेर धरून जोरात नाचताना बाहेर फेकलं गेल्यासारखं वाटतं आणि त्याचं खापर केंद्रापसारी बलावर फुटतं. जमिनीवर उभं राहून पाहणाऱ्याला असं कुठलंच बल सापडणार नाही. शरीर सरळ जाऊ पाहतं, त्याला सारखं आत वळवावं लागतं, एवढंच. ते काम करायला दोघेच असतात : आपले पाय आणि शेजाऱ्यांचे हात.

समजा, 60 किलो वजनाचे 8 जण 1-1 मीटर अंतर ठेवून सेकंदाला 2 मीटर वेगाने फिरताहेत. प्रत्येकाला आत वळायला सुमारे 184 न्यूटन बल लागेल. पायांवरच भागवायचं, तर अंग 17 अंश आत कलवावं लागेल. फेरात 40 जण असले, की हाच आकडा 38 न्यूटनवर येतो आणि कलणं जेमतेम 4 अंशांवर. मोठ्या फेरात हात सैल राहतात ते यामुळे.

खरी गंमत सगळा भार हातांवर टाकल्यावर आहे. लहान फेरात आपले दोन्ही हात कोनात असतात, त्यामुळे ओढीचा बराच भाग आत वळवायच्या कामी येतो. मोठ्या फेरात ते जवळपास एका रेषेत येतात. डावी-उजवी ओढ एकमेकींना खाऊन टाकते आणि आतल्या बाजूला किंचितच उरते. बल कमी लागतं, पण मिळतंही महागात. गणित मांडलं की त्रिज्या चक्क उडून जाते : ओढ म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले शेजाऱ्यापासूनचं अंतर. म्हणून 8 जण असोत की 40, प्रत्येक हातावर 240 न्यूटनच, म्हणजे साडेचोवीस किलोंचं ओझं पेलल्यासारखं! वेग दुप्पट केला तर ओढ चौपट. दाटीने उभे राहून अंतर निम्मं केलं तर दुप्पट. मग बोटांची पकड पुरत नाही, खांदे धरलेले बरे.

बंद फेरात ही ओढ सगळ्यांना सारखीच. फेर उघडा असला, की टोकाच्या माणसाला एकच शेजारी उरतो. तो त्याला मागे ओढू शकतो, आत फारसं वळवू शकत नाही. वळण्याचं काम पायांनीच करायचं. ग्रीसमधल्या त्सामिको नाचात म्होरक्या उंच उड्या घेतो, मागे झुकतो. त्याच्या आणि दुसऱ्या नर्तकाच्या हातात एकच रुमाल असतो. म्होरक्या झुकला की त्याचा तोल त्या रुमालावर येतो, त्यामुळे दुसऱ्या जागेवरचा माणूस पाय रोवून उभा राहणारा लागतो.