चौकोनी बेस, गोल बेस: ‘द ओल्ड वर्ल्ड’ आणि ‘एज ऑफ सिग्मार’ यांतला फरक

टेबलावर छोट्या मूर्तींच्या सेना मांडून खेळायच्या वॉरहॅमर या युद्धखेळाच्या कल्पनारम्य जगाशी पुण्यातल्या अनेकांची पहिली ओळख टेबलावर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर होते. २०१६ साली आलेल्या ‘टोटल वॉर: वॉरहॅमर’मध्ये एम्पायरच्या भालाईतांच्या रांगा आणि ओर्कांच्या झुंडी पाहिल्यावर ज्याला त्यांच्या मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, स्वतः रंगवून मांडाव्याशा वाटतात, तो खरेदीला निघाला की गोंधळतो. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या एकाच कंपनीचे दोन खेळ त्याच्यासमोर येतात: ‘वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड’ आणि ‘वॉरहॅमर: एज ऑफ सिग्मार’. दोन्हींत ओर्क आहेत, एल्फ आहेत, केऑसचे चिलखती योद्धे आहेत, आणि काही प्लास्टिकची मॉडेल तर दोन्ही खेळांत चालतात. त्यामुळे एक खेळ म्हणजे दुसऱ्याची जुनी आवृत्ती असावी, किंवा एक घेतला की दुसराही खेळता येईल, असा समज होतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण खोक्यावरच्या चित्रात नसून मिनिएचरच्या पायाखाली असते: ओल्ड वर्ल्डचा बेस चौकोनी असतो, एज ऑफ सिग्मारचा गोल किंवा लंबगोल. ही खूण वरवरची वाटते, पण दोन्ही खेळांचे जवळजवळ सगळे वेगळेपण तिच्यातूनच निघते.

कथेचा भाग थोडक्यात सांगून टाकतो, कारण नव्या माणसाला तोच सर्वांत मोठा वाटतो आणि खेळताना त्याचे महत्त्व सर्वांत कमी असते. ओल्ड वर्ल्ड हे मध्ययुग आणि प्रबोधनकाळ यांच्या सीमेवरच्या युरोपासारखे जग आहे. निवडून आलेल्या सम्राटाचे एम्पायर, सरदार-घोडेस्वारांचे ब्रेटोनिया, प्राचीन इजिप्तची आठवण करून देणारे खेमरीचे मृत राजे, अशी त्याची घडण आहे. संगणकावरच्या खेळात भेटणाऱ्या सम्राट कार्ल फ्रान्झच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी, एम्पायरच्या गादीवर एकापेक्षा जास्त दावेदार असतानाच्या काळात, या खेळाची कथा घडते. पुढे ते जग नष्ट होते, सिग्मार हा देव त्या विनाशातून वाचतो, आणि अ‍ॅक्शी, घायरान, शायिश अशा आठ जादुई विश्वांत एज ऑफ सिग्मारची कथा सुरू होते. म्हणजे कथेच्या दृष्टीने एक आधीची आणि एक नंतरची गोष्ट आहे. नियमांच्या दृष्टीने मात्र दोघांत पिता-पुत्राचे नाते शोधण्यात अर्थ नाही.

गोंधळ निर्माण झाला तो खरे तर दोन पुनरारंभांमुळे. मूळ ‘वॉरहॅमर’ हा रांगांच्या लढाईचा खेळ १९८३ मध्ये आला आणि २०१० मधल्या आठव्या आवृत्तीपर्यंत टिकला. २०१४-१५ मध्ये ‘एंड टाइम्स’ या ग्रंथमालिकेतून कंपनीने ते जग स्वतःच्या हाताने संपवले आणि जुलै २०१५ मध्ये एज ऑफ सिग्मार बाजारात आणला. त्याचे मूळ नियम अवघ्या चार पानांचे होते. सेनेची किंमत ठरवणारे पॉइंट त्यात नव्हते, त्यामुळे दोन सेना तुल्यबळ आहेत की नाहीत हे खेळाडूंनी आपसांत ठरवायचे होते. जुन्या पात्रांच्या नियमांत तर समोरच्या खेळाडूपेक्षा मोठी मिशी असल्यास फासा पुन्हा टाकण्याची मुभा देण्यापर्यंत थट्टा केलेली होती. वर्षानुवर्षे सेना जमवलेल्या माणसाला ही थट्टा आपलीच वाटली तर त्यात नवल नाही. एका खेळाडूने आपली डार्क एल्फ सेना जाळून त्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. बरेच जण मॅन्टिक गेम्सच्या ‘किंग्ज ऑफ वॉर’कडे वळले, काही खेळाडूंनी एकत्र येऊन ‘द नाइन्थ एज’ हे नियमच स्वतः लिहून काढले, आणि काही जण आठव्या आवृत्तीवर ठाम राहिले.

त्या संतापाची चर्चा आजही ‘नियम फार सोपे झाले’ एवढ्यावर थांबते. माझ्या मते ते कारण दुय्यम होते, कारण सोपे नियम नंतर वाढवता येतात आणि तसे ते वाढवलेही गेले: २०१६ च्या ‘जनरल्स हँडबुक’ने पॉइंट आणले, आणि पुढच्या आवृत्त्यांनी, विशेषतः २०१८, २०२१ आणि २०२४ मधल्या, खेळाला शिस्तशीर स्पर्धेचे रूप दिले. खरी दुखापत वेगळी होती. चौकोनी बेसवर एकमेकांना खेटून बसतील अशा बेताने चिकटवलेल्या, कोणाचा भाला कोणाच्या ढालीत अडकू नये म्हणून क्रम ठरवून रंगवलेल्या पंचवीस-तीस सैनिकांच्या तुकडीला नव्या खेळात तुकडी म्हणून आकारच उरला नव्हता. त्यातही गंमत अशी, की पहिल्या नियमांत अंतर मॉडेलपासून मोजायचे होते आणि बेसला काहीही काम नव्हते. म्हणजे चौकोनी बेसवरची जुनी सेना कागदोपत्री पूर्ण वैध होती. तरीही ती मांडावी कशासाठी, हा प्रश्न त्या चार पानांनी सोडवला नाही.

हा आकार म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी पुणेकराला फार लांब जायला नको. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत बापू गोखल्यांच्या घोडदळाने ईस्ट इंडिया कंपनीच्या पायदळावर चाल केली आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होता. घोडदळाच्या वाटेत दलदल आली, धावेचा जोर तिथेच मोडला, आणि ओळ धरून उभ्या असलेल्या पायदळाच्या गोळीबारापुढे हल्ला मागे फिरला. ओळीचे तोंड कोणीकडे आहे, तिची बाजू उघडी आहे का, आणि चाल करणाऱ्याच्या वाटेत जमीन कशी आहे, हे तीन प्रश्न ओल्ड वर्ल्डमधल्या प्रत्येक चालीत विचारले जातात. तुकडीला दर्शनी बाजू, दोन कडा आणि पाठ असते. वळायचे तर संपूर्ण तुकडी एका टोकाभोवती फिरवावी लागते आणि बाहेरच्या टोकाचा सैनिक किती इंच चालला ते मोजावे लागते. समोरच्या रांगेतले सैनिक लढतात, मागच्या रांगा मुख्यतः वजन म्हणून उपयोगी पडतात, आणि बाजूने एखादी भरभक्कम शत्रू तुकडी येऊन भिडली तर ते वजनही हिशेबातून जाते.

चकमकीचा निकालही केवळ किती सैनिक पडले यावर लागत नाही. मारलेल्यांची संख्या, रांगा, निशाण, बाजूने किंवा पाठीवरून केलेला हल्ला, या सगळ्यांची बेरीज करून कोण हरले ते ठरते, आणि हरलेल्याने दोन फासे टाकून आपल्या नेतृत्वाच्या आकड्याशी ते ताडून पाहायचे असतात. ओल्ड वर्ल्डने इथे जुन्या नियमांत एक चांगली सुधारणा केली आहे. पूर्वी हरलेली तुकडी एक तर टिकत असे, नाही तर पळत असे. आता ती थोडी मागे रेटली जाऊ शकते, शिस्तीत माघार घेऊ शकते, किंवा पूर्ण मोडून पळू शकते. त्यामुळे आघाडी एका फाशावर कोसळण्याऐवजी हळूहळू वाकते, मागे सरकते, आणि तिच्या शेजारच्या तुकडीची कडा उघडी पडते. २०२४ मध्ये ओल्ड वर्ल्ड आल्यावर जुन्या खेळाडूंना जे परत मिळाले असे वाटले, ते जगापेक्षाही हे होते.

एज ऑफ सिग्मारमध्ये यातले बहुतेक प्रश्न उद्‌भवतच नाहीत, आणि ती त्याची उणीव समजू नये. गोल बेसला कडा नसते, म्हणून मॉडेलला पाठही नसते. प्रत्येक मॉडेल हवे तसे फिरवता येते, फक्त आपल्या तुकडीच्या सोबत्यांपासून ठरलेल्या अंतरात ते राहिले पाहिजे. टेकडीवर, भिंतीआड, पडक्या बुरुजाच्या पायऱ्यांवर तुकडी पसरू शकते, त्यामुळे भूप्रदेश मांडण्यातली मजा इथे कितीतरी जास्त आहे. जुन्या नियमांत मारा लागतो की नाही हे दोन्ही पक्षांचे कौशल्य तक्त्यात ताडून ठरते. इथे तो आकडा तुकडीच्या स्वतःच्या पत्रकावर, म्हणजे ‘वॉरस्क्रोल’वर, छापलेला असतो. विजय प्रामुख्याने मैदानावरच्या ठरावीक जागा ताब्यात ठेवण्यावर अवलंबून असतो. डावपेच नाहीत असे नाही, पण ते वेगळ्या ठिकाणी दडलेले आहेत: कोणत्या तुकडीची कोणती क्षमता कोणत्या क्षणी वापरायची, आणि प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला पहिली पाळी कोणाची यासाठी टाकल्या जाणाऱ्या फाशाचा अंदाज कसा बांधायचा. हा फासा अनुकूल पडला तर एकाच खेळाडूला सलग दोन पाळ्या मिळतात. रांगांच्या खेळातून आलेल्या माणसाला हा अन्याय वाटतो; मुरलेला एज ऑफ सिग्मार खेळाडू मात्र त्या शक्यतेसाठी आधीच्या पाळीतच जागा राखून ठेवतो. मला स्वतःला हा नियम अजूनही पटत नाही, पण तो काढला तर खेळाची निम्मी धाकधूक जाईल हेही खरे.

दुसरा पुनरारंभ, म्हणजे ‘द ओल्ड वर्ल्ड’, नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रत्यक्षात आला. पहिल्या दोन सेना होत्या ब्रेटोनिया आणि खेमरीचे मृत राजे, म्हणजे २०१५ नंतर ज्यांना नव्या खेळात स्थानच उरले नव्हते नेमक्या त्या दोन. निवड बोलकी होती, आणि जुन्या खेळाडूंचा आनंदही खरा होता. मात्र खोकी उघडल्यावर दुसरी प्रतिक्रिया आली, आणि तिचा संबंध पुन्हा बेसशीच होता. माणसांच्या पायदळाचा चौकोनी बेस पूर्वी २० मिलिमीटरचा होता, तो २५ चा झाला. ओर्कांचा २५ वरून ३० वर गेला. घोडेस्वारांचा २५ बाय ५० चा ३० बाय ६० झाला. पाच मिलिमीटरने काय बिघडते असे विचारणाऱ्याने हिशेब करून पाहावा: पाच जणांची जी रांग १०० मिलिमीटर रुंद होती, ती १२५ मिलिमीटर झाली, म्हणजे जवळजवळ एक इंच वाढली, आणि ज्या खेळात समोरासमोर किती सैनिक भिडतात यावर निकाल अवलंबून असतो तिथे एक इंच पुष्कळ असतो. त्यातही जे सैनिक दहा-पंधरा वर्षांपूर्वी २० मिलिमीटरच्या बेसवर पक्के चिकटवले, त्यांना उपटून काढणे म्हणजे घोटे मोडण्याचे काम.

यावर खेळाडूंनी काढलेला तोडगा साधा आहे. जुने बेस तसेच ठेवून प्रत्येक सैनिकाभोवती योग्य अंतर राखणारे खाच असलेले ट्रे वापरायचे. पुण्यात एमडीएफवर लेझर कटिंग करून देणाऱ्यांकडे मापाची फाइल नेली तर असे ट्रे बनतात, आणि बोहरी आळीतून पातळ पत्रा व छोटी चुंबके आणली की सैनिक ट्रेवर घट्ट बसतात. ज्यांना दोन्ही खेळ खेळायचे आहेत त्यांनीही नव्या मॉडेलला चौकोनी बेस कायमचा चिकटवण्याआधी चुंबकाचा विचार करावा. गोल खाचांचे ट्रे वापरून ओर्कांची गोल बेसवरची सेना घरगुती सामन्यात ओल्ड वर्ल्डसाठी मांडता येते, समोरच्याची हरकत नसेल तर. उलट दिशेने, चौकोनी बेसवरची सेना एज ऑफ सिग्मारच्या स्पर्धेत न्यायची झाल्यास आयोजकाला आधी विचारणे बरे.

कोथरूड किंवा बाणेरच्या सदनिकेत जागेचा प्रश्न नियमांइतकाच निर्णायक ठरतो. ओल्ड वर्ल्डच्या नेहमीच्या लढाईला सहा फूट बाय चार फुटांचे टेबल लागते, आणि रांगा वळवायच्या असल्याने त्यात काटकसर करता येत नाही. जेवणाच्या टेबलावर प्लायवुडचे दोन तुकडे जोडून टाकण्यावाचून गत्यंतर नसते. एज ऑफ सिग्मारच्या पूर्ण सामन्याला ६० बाय ४४ इंच पुरतात. शिवाय २०२४ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर आलेला ‘स्पीअरहेड’ हा छोटा प्रकार केवळ ३० बाय २२ इंचांच्या पटावर, एका खोक्यातल्या ठरलेल्या सेनेनिशी खेळता येतो. शून्यातून सुरुवात करणाऱ्याला मी कथा, मिशा, रांगा हे सगळे बाजूला ठेवून आधी स्पीअरहेडच सुचवतो, कारण आयात खोक्यांच्या किमती पाहता तुकडीमागून तुकडी जमवून शेवटी खेळायलाच न मिळणे हा या छंदातला नेहमीचा शेवट आहे. ओल्ड वर्ल्डच्या पायदळाला रांगा भरण्यासाठी सैनिक लागतातच. ब्रेटोनियासारखी घोडदळाची सेना त्यातल्या त्यात लवकर उभी राहते.

अर्थात सेना आधीच मनात ठरली असेल तर ही तुलना बरीच आखूड होते. ओल्ड वर्ल्डमध्ये कंपनीने सुरुवातीला नऊ सेनांना पूर्ण पाठबळ दिले आणि नंतर ग्रँड कॅथेची भर घातली. डार्क एल्फ, उंदीर-माणसांचे स्केव्हन, व्हॅम्पायर काउंट्स, लिझर्डमेन, ओगर, केऑसचे दैत्य आणि केऑस ड्वार्फ यांचे नियम विनामूल्य फाइलच्या रूपात दिले, पण त्यांच्यासाठी पुढे काही काढण्याचा विचार नसल्याचे तेव्हाच सांगून टाकले. त्यामुळे ज्याच्या कपाटात डार्क एल्फ पडून आहेत त्याला घरगुती सामन्यांत ते खेळवता येतील, पण नव्याने ती सेना उभारू पाहणाऱ्याने थांबावे. स्केव्हनचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे: ओल्ड वर्ल्डमध्ये ते विनामूल्य फाइलपुरते उरले, आणि २०२४ मध्येच एज ऑफ सिग्मारच्या चौथ्या आवृत्तीच्या ‘स्केव्हनटाइड’ या पहिल्याच खोक्यात ते नव्या मॉडेलनिशी अवतरले. उंदरांची सेना हवी असेल तर गोल बेस घ्यावेत. भाले रोखून एका रेषेत दौडणारे ब्रेटोनियाचे सरदार हवे असतील, तर ३० बाय ६० चे चौकोनी.