राजमा शिजवायचा घरी, खायचा डोंगरात

ट्रेकला कडधान्य न्यायचं म्हटलं की बहुतेक जण कच्चे दाणे पिशवीत बांधतात. प्रथिनं भरपूर, नासायची भीती नाही. अडचण कळते ती स्टोव्ह पेटवल्यावर. समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळणारं पाणी कळसूबाईवर, म्हणजे १६४६ मीटरवर, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास उकळतं आणि हिमालयात ४००० मीटरवर ८६-८७ अंशांनाच. आच कितीही वाढवा, पातेल्यातलं पाणी त्याहून तापत नाही, नुसता गॅस जळतो. घरचा कुकर दाब वाढवून हेच पाणी १२० अंशांच्या आसपास नेतो, पण तो पाठीवर कोण वाहणार?

दाण्यातल्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम ते पेक्टिन आणखी घट्ट धरून ठेवतात. हे बंध सुटले की दाणा मऊ होतो. पाणी कमी तापलं की ही क्रिया फार मंदावते. धान्य जुनं किंवा पाणी जड असेल तर विचारूच नका, गणंग राहिलेच म्हणून समजा.

राजम्याची गोष्ट तर अधिक गंभीर. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. अर्धकच्चा राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि गावापासून दोन दिवसांच्या वाटेवर ते परवडणारं नाही. हे लेक्टिन नष्ट व्हायला राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात चांगला खळखळ उकळावा लागतो. मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास तो नुसता कोमट शिजत राहिला तर घातकपणा उलट वाढू शकतो. म्हणून डोंगरात कच्चा राजमा नकोच.

घरीच रात्रभर भिजवा, पाण्यात चमचाभर मीठ घाला. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि सालं लवकर मऊ पडतात. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की वायू करणाऱ्या शर्कराही थोड्या जातात (तंबूतल्या सोबत्यांवर तेवढेच उपकार). कुकरमध्ये पूर्ण शिजवा, पण आमसूल, चिंच, टोमॅटो आत्ता नको, आंबटपणाने दाणा दडस राहतो. तेलही नको, ते पुढे खवट होतं.

निथळून ताटात एकेरी थर पसरा आणि डिहायड्रेटरमध्ये ५५-६० अंशांना वाळवा. एप्रिल-मेमध्ये कडक ऊन चालेल. पावसाळ्यात मात्र उन्हाच्या भरवशावर राहू नका, शिजलेला दाणा वाळण्याआधीच आंबतो. वाळताना दाणे उकलले तर हळहळू नका. त्याच भेगांतून पुढे पाणी झपाट्याने आत शिरतं. दाणा दातांखाली कट्कन फुटला की झालं. जरा जरी चिवट लागला तर आत ओल आहे, आणखी वाळवा. गार झाल्यावरच हवाबंद पिशवीत भरा.

मुक्कामाच्या अर्धा तास आधी डब्यात पाणी घालून ठेवा, मग दहा मिनिटं उकळा. मसाला, आमसुलाची पूड, फोडणी आता घाला.

मूग, मसूर आणि चवळी अशाच वाळवता येतात. छोले मोठे, त्यांना वेळ जास्त लागतो. एवढा खटाटोप नको असेल तर बेसन घ्या. पीठ इतकं बारीक की पाणी लगेच आतवर पोचतं, आणि पिठलं उंचावरही काही मिनिटांत होतं. मेतकुटाला तर आचही लागत नाही, त्यातल्या डाळी आधीच भाजलेल्या असतात.